जानकीने मुखवटा घरी नेला

पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत भरल्या त्या चपला. आमच्या खोलीच्या दाराबाहेर सगळ्या चपला रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या. मी कौतुकानं म्हटलं, "किती शिस्त आहे तुमच्यात."

साखरशेतच्या काशीबाई, सगळ्यांत वयानं मोठ्या, म्हणाल्या, "शिस्त कसली पोरी. पळताना वळायला येळ नाय मिळत."

माझा चहा अर्धा सांडला. आता मीही माझ्या चपला तशाच काढते.

जव्हारला एका छोट्या संस्थेत, घरी मार खाल्लेल्या बायकांबरोबर मी चित्रं, नाच, मुखवटे असं काम करते. कॉलेजात याला आर्ट थेरपी म्हणायचे. बायका 'मॅडमचा खेळ' म्हणतात. असे किस्से माझ्याकडे इतके साचलेत, की मैत्रिणी जेवताना म्हणतात, "आज नको गं."

*

एका मंगळवारी गोल करून नाचायचं होतं. मोखाड्याच्या सुमनला रांगेत घ्यायला मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती डोकं झाकून मटकन खाली बसली. मी किंचाळले. ती लगेच उठून मलाच विचारते, "घाबरल्या का मॅडम? लागलं नाय ना कुठं?"

*

मग गेरूचा कागद आणि तांदळाचं कालवलेलं पीठ. म्हटलं, आपापल्या घरातली माणसं काढा. इथं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, लहान मुलंही काढतात. जामसरची जानकी तोवर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिनं बाई काढली, पण दोन त्रिकोणांच्या मधे बोटभर जागा सोडली.

मला वाटलं, चुकलं असेल. मी काडी घेतली आणि एक रेघ मारून त्रिकोण जोडून टाकले.

जानकीनं रेघेकडे बघत स्वतःच्या कंबरेवर हात ठेवला. "डाक्तरला नाय जमलं," म्हणाली, "तुमी एका रेघेत जोडली."

आमच्या समुपदेशक लताताईंनी मला बाहेर नेऊन पाणी पाजलं.

*

मुखवट्यांच्या दिवशी तर मी कहर केला. कोर्समधलं आठवून म्हटलं, "ज्याची भीती वाटते, त्याचा मुखवटा करा."

काशीबाई म्हणाल्या, "आमच्या बोहाड्याच्या जत्रेत देवाचा मुखवटा घातला का तो मानूस रहात नाय, देव होतो. त्याला नारळ द्यायचा, पाया पडायचं. आता नवऱ्याचा मुखवटा करून त्याच्या आनखी पाया पडू का?"

मी घाईघाईनं सांगितलं, तुम्हाला हवा तो करा.

जानकीनं देवीचा केला. लाल तोंड, मोठाले डोळे. सुमन म्हणाली, "अगं, देवीचं सोंग पन पुरुसच घेतात."

"घेतात ना," जानकी म्हणाली. "मंग घरी येऊन मारतात."

तिनं मुखवटा चढवला. आतून आलेला आवाज तिचा वाटेना. "आता मार," ती म्हणाली. मी भिंतीला टेकले होते.

ओला मुखवटा इथंच वाळू दे, असं मी सांगत असतानाच ती तो पदरात गुंडाळून निघून गेली.

*

पुढच्या मंगळवारी जानकी आली नाही.

काशीबाईंनी बाजारात ऐकलं होतं, तिचा नवरा ठाण्याहून कामावरून परत आलाय. तो मुखवटा मीच करायला लावला होता. त्यानं बघितला असेल तर? मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा तेच.

"त्यांच्या घरात रेंज नाही," लताताई पर्स उचलत म्हणाल्या. "फोन घेऊन कुणी अंगणात आलं तरच लागतो, तोही मधेमधे. मी जीप बघते, पोलीस पाटलांना घेऊन जाऊ. तू लावत राहा."

मी लावत राहिले. काशीबाई माझं मनगट धरून बसल्या होत्या. आणि एकदम रिंग गेली. कुणीतरी उचलला.

"जानकी?"

पुरुषाचा आवाज होता, अगदी हळू. "मॅडम, तुमीच का त्या खेळवाल्या? तिनं देवीचं तोंड घातलंय आन दारात बसलीय. मी सकाळधरनं अंगणात हाय. आत येऊ का, तेवढं इचारा ना तिला."