रोबोच्या छातीतली पोरगी

आमच्या तिघींचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. खोलीत चार मोठी माणसं खुर्च्या ओढून बसली की किस्सा आपोआप तयार होतो! त्यांना पत्ताही नसतो. ते चहा पीत असतात.

तिघी म्हणजे मी, किरण आणि मंगला. जळगावला कॉलेजात एकाच बाकावर. किरणच्या घरी खाली कापडाचं दुकान आणि वर व्हीसीआर. मंगला चोपड्याची, हॉस्टेलवर राहायची.

* * *

किरणचे काकासा सिंगापूरला गेले आणि येताना एक कॅसेट घेऊन आले. लावली, तर जपानी कार्टून! शब्द एक कळेना. पण गोष्ट कळली. शहरावर लोखंडी राक्षस चालून येतात. त्यांच्याशी लढायला दहा मजली रोबो आहे, आणि त्याच्या छातीत बसून तो चालवते आमच्याच वयाची एक पोरगी. मोठी माणसं मागे कंट्रोल रूममध्ये बसून हुकूम सोडतात.

काकासा दोन मिनिटं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "एवढी मोठी मशीन, आणि पोरीच्या हातात? कंपनी बुडणार!"

* * *

भाषा कळत नाही म्हटल्यावर आवाज बंद करून डायलॉग आम्हीच म्हणायला लागलो. कंट्रोल रूमचे सगळे म्हातारे किरणकडे, राक्षस माझ्याकडे. पायलट अर्थातच मंगला, तीही अस्सल अहिराणीत. पोरगी रोबोत शिरली, दार लागलं, की मंगला ओरडायची, "कंट्रोल रूम, मी मझार शे! बठ्ठा बाजूले सरका!" मझार म्हणजे आत, बठ्ठा म्हणजे सगळे.

एकदा राक्षसाने रोबोला खांद्यावर उचलून घेतलं. मंगला म्हणाली, "ओ भाऊ, मी काय केळीना घड शे का?"

हसून हसून किरणला उचकी लागली.

* * *

मंगलाच्या घरचा ट्रॅक्टर-ड्रायव्हर ऐन केळी कापणीत पळून गेला. ट्रॉली भरलेली, रस्त्यावर ट्रक उभा. तिचे वडील, नाना, तिला म्हणाले, "घे, बस." ही बसली. भर गावातून ट्रॉली काढून ट्रकाला लावली. लोक बघत राहिले.

मग गावातले एक आबा घरी आले. "नाना, पोरगी ट्रॅक्टर चालवस. सोयरीक कोन करी?"

त्या दिवसापासून ट्रॅक्टरची किल्ली नानांच्या करदोड्याला. गरज होती तेव्हा 'घे, बस'. गरज संपली, उतर खाली!

* * *

नाशिकच्या एका कारखान्याने मंगलाला ट्रेनिंगसाठी निवडलं. परीक्षा झाली की रुजू व्हायचं. तेव्हा कॅसेटचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. पोरगी जखमी, रोबो पेटलेला, आणि तिचा हात दाराच्या दांड्यावर. मंगलाने तिथेच कॅसेट थांबवली. "हिचं दार उघडतं का, ते नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी बघायचं."

त्यावर कोणी काही रेकॉर्ड करू नये म्हणून किरणने कॅसेटच्या कडेची ती प्लास्टिकची टिकली तोडून टाकली.

* * *

नाशिकच्या आधी पाचोऱ्याचे पाहुणे आले. मुलाच्या काकांनी विचारलं, "काय आवड आहे मुलीला?"

मंगला म्हणाली, "मोठ्या मशीन चालवायची."

काका खूश! "मग काही प्रश्नच नाही. आमच्याकडे मिक्सर आहे, वॉशिंग मशीनही घेणार आहोत."

* * *

मी तडक चोपड्याला गेले, नानांशी भांडायला. म्हटलं, एक वर्ष थांबा. तिला नाशिकला जाऊ द्या. मुलगा असता तर त्याला अडवलं असतं का? बोलता बोलता माझा आवाज चढला.

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू शिकेल शे बेटा. तुले काय सांगानं? चहा ले."

मी चहा घेतला नाही. लग्न ठरल्या तारखेलाच झालं, परीक्षेच्या आधी, जळगावच्या कार्यालयात. काकासा नानांचे जुने ओळखीचे, त्यामुळे सगळी व्यवस्था त्यांच्याकडेच होती.

* * *

दिवाळीनंतर मंगला सासूबरोबर कापड घ्यायला किरणच्या दुकानात आली. सासूबाई खाली साड्या बघत बसल्या. आम्ही तिला वर ओढून नेलं. ती बारीक झाली होती. परीक्षेचं कोणी काढलं नाही. "ती लाव," एवढंच म्हणाली.

किरणने कपाटातून कॅसेट काढली, थोडी मागे घेतली, आवाज बंद केला. रोबो पेटलेला. पोरगी दाराच्या दांड्याशी पोहोचली. दांडा हलला. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या, आणि मांडव!

कार्यालयातल्या खुर्च्या. एका रांगेत नाना, आबा, पाचोऱ्याचे काका. हातात कप. मग मुंडावळ्या बांधलेली मंगला.

"काकासा!" किरण किंचाळली.

ते वर आले. पडदा बघून खूश झाले. "त्या दिवशी कॅमेरावाल्याची कॅसेट संपली. घर जवळच होतं, ही पाठवली. रेकॉर्डच होत नव्हती! मग मीच त्या टिकलीच्या जागी चिकटपट्टी लावून दिली. कॉपी काढून त्याने परत केली. नाहीतर लग्न वाया गेलं असतं ना!" आणि खाली निघून गेले.

पडद्यावरच्या नवरीने मान वर करून सरळ आमच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

मंगला पुढे सरकली. अगदी हळू, पण त्याच जुन्या आवाजात म्हणाली, "कंट्रोल रूम, मी मझार शे. दार उघाडा."

आता कंट्रोल रूमच्या म्हाताऱ्यांचा, म्हणजे किरणचा, डायलॉग होता.

खालून काकासांचा आवाज आला, "पोरींनो, चहा झालाय!"