डोनाऊ जिथे जमिनीत शिरते

बादलीतल्या विसर्जनाला सासूबाईंनी साफ नकार दिला, म्हणून आम्ही फ्रँकफर्टहून डोनाऊला, म्हणजे डॅन्यूब नदीला निघालो. गणपती पंज्याएवढा, शाडूचा, बिनरंगाचा. सासरे इथे आले होते तेव्हा त्यांनी बाल्कनीत बसून केलेला. चतुर्थीच्या आधीच ते वारले. त्या वर्षी सण केला नाही, मूर्ती कपाटात राहिली. यंदा पुजली खरी, पण आता ती आईंना, म्हणजे सासूबाईंना, सोडवत नव्हती. "वाहतं पाणी दाखवा, मग बघू," एवढंच म्हणायच्या.

जागा निवडली माझ्या नवऱ्याने, निखिलने. नकाशात निळी रेघ दिसली की हा माणूस निश्चिंत. कार्ल्सरुह, श्टुटगार्ट, मग ए-८१ वरून गाइसिंगेनचा एक्झिट, थांबे धरून पाच तास. वाटेत घरच्या दशम्या आणि बटरब्रेत्सेल, लोणी भरलेले इथले पीळदार पाव. मूर्ती सगळा वेळ आईंच्या मांडीवर. इमेंडिंगेनला गाडी लावून चालत गेलो, तर नदी नव्हतीच.

पात्र होतं, काठाची झाडं होती, मधे नुसते पांढरे कोरडे गोटे. कुठेच पाण्याचा आवाज नाही. मला तिथे उभं राहवेना.

कुत्रं फिरवणाऱ्या एका आजींना निखिलने विचारलं.

"उन्हाळ्यात अशीच असते. थोडं वर जा, पाणी जमिनीत शिरताना दिसेल. दोन-तीन दिवसांनी ते आख गावच्या झऱ्यातून वर येतं."

"तेच पाणी?"

"गेनाऊ, अगदी तेच."

मी आईंना मराठीत सांगितलं. त्या चालू लागल्या.

वरच्या अंगाला उरलीसुरली धार काठाच्या कपारीत शिरत होती. आतून घटघट आवाज येत होता, कुणीतरी तांब्याने पाणी पीत असल्यासारखा. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आई मात्र तिथेच बसल्या.

"आई, इथे नको. बोडनझेच्या सरोवराला जाऊ," निखिल म्हणाला.

"अरे, वर येतंय म्हणाली ना ती?"

त्यांनी मूर्ती पाण्यात धरली. शाडू हळूहळू सुटत गेला, दुधाळ पाणी कपारीत शिरत राहिलं. "पुढच्या वर्षी..." म्हणून निखिल थांबला. हात रिकामे झाले तरी आईंनी ते पाण्याबाहेर काढले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी सांगते, नदी बघायची तर वसंतात जा, नसलेली बघायची तर उन्हाळ्याच्या शेवटी. गोट्यांवरून पाय घसरतो, बूट चांगले घाला. आखचा झरा गाडीने अर्ध्या तासावर आहे. निळसर-हिरवं तळं, तळातून पाणी गुपचूप वर येत असतं. आईंनी एकदाच वाकून पाहिलं. "हे आपलं नाही अजून," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

घरी आल्यावर त्या नीट जेवल्या, नीट झोपल्या. सुटल्या एकदाच्या, असं मला वाटलं. माझ्याच कानात तो आवाज राहिला होता, सिंकमधून पाणी जाताना दचकायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायला उठले, तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून, चपला घालून दाराशी उभ्या.

"निखिलला उठव. आज वर येतील ते."

कोण, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मी गाडीची किल्ली शोधू लागले.