साहेबांचं काचेचं कपाट

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावर टाकलेल्या भांड्यांसारखे ते आपले साठत जातात. एक काढायला हात घालावा, तर चार डोक्यावर पडतात! माझंही तसंच झालंय. मला अक्षर वाचता येत नाही, पण मुलुंडला टिपणीस साहेबांकडे मी काम केलं, तिथला कुठला चमचा कुठल्या खणात होता ते आजही डोळे मिटून सांगेन. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी लिहिते." म्हणून हे.

ऐंशीच्या पुढची सालं. आमचे मालक कामाला होते ती गिरणी बंद पडली आणि मी घरकामाला बाहेर पडले. टिपणीस साहेब एका कारखान्यात इंजिनियर होते, मुदतीआधीच घरी बसले होते. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना नाद. नाद कसला, वेडच! दगडाच्या मूर्ती, पितळी भांडी, अडकित्ते, ठासणीच्या बंदुका. घर दोन खोल्यांचं. त्यात माणसं दोन, साहेब आणि त्यांच्या मिसेस. त्यांना मी बाई म्हणायचे. आम्ही दोघी एका वयाच्या, त्यामुळे त्या मला सरळ पार्वती म्हणायच्या. साहेब मात्र मावशी म्हणायचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असून!

*

पहिलाच आठवडा. कपाटाच्या बाहेर एक पितळेची देवी ठेवलेली, काळीकुट्ट. मला वाटलं, देवाच्या मूर्तीची ही काय दशा! घेतली चिंच, घेतलं मीठ आणि बसले मोरीत. तासाभराने देवी अशी चमकली की तिच्यात तोंड बघून कुंकू लावावं.

साहेब बाहेरून आले. देवीकडे बघितलं. मग मटकन खाली बसले.

"मावशी, दोनशे वर्षं! दोनशे वर्षं लागली होती तिला तो रंग यायला!"

मी म्हटलं, "तरीच! एवढ्या वर्षांचा मळ, साहेब. माझ्या बोटांची सालटी निघाली!"

आतून बाईंच्या हसण्याचा आवाज आला. हसता हसता त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हिला कामावरून काढलंत तर मीपण जाईन."

माझी नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून साहेबांनी नियम केला. वस्तूला फक्त कोरडं फडकं लावायचं. चिंच नाही, राख नाही, पाणी नाही. आणि काचेच्या कपाटात जे गेलं ते परत वापरात येणार नाही. कपाटाची किल्ली साहेबांच्या चष्म्याच्या घरात असायची.

*

एकदा साहेबांनी कुठल्याशा गावाहून दगडाची बाई आणली. माणसाएवढी, आणि तिला डोकंच नाही! टेम्पोतून उतरवली. धक्का लागू नये म्हणून पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोरीने बांधलेली. चार हमाल खांद्यावर घेऊन जिना चढायला लागले, पुढे साहेब मान खाली घालून पायऱ्या बघत चाललेले.

पहिल्या मजल्यावरच्या लेले काकूंनी दार उघडलं, बघितलं आणि लावलं. पाच मिनिटांत त्या पांढरं पातळ नेसून, हातात तुळशीची पानं घेऊन वर हजर!

दारात बाई उभ्या होत्या. लेले काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. "कोण गेलं गं?"

बाई म्हणाल्या, "माझी बसायची जागा गेली, काकू!"

आणि खरंच गेली. खिडकीजवळ बाईंची एक वेताची खुर्ची होती. तिथे बसून त्या भाजी निवडायच्या, रस्त्यावरच्या बायकांशी बोलायच्या. खुर्ची माळ्यावर गेली आणि खिडकीत ती बिनडोक्याची उभी राहिली. त्या दिवशी मी पोट धरून हसले. आता आठवलं की वाटतं, हसायला नको होतं.

*

हा किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. तेव्हा सगळ्यांना स्टीलचं वेड. जुनं पितळ द्यायचं, नवं स्टील घ्यायचं. आमच्या चाळीत भांडीवाली आली आणि मी सासूबाईंचा पितळी हंडा देऊन स्टीलचे सात डबे घेतले. झकास, एकात एक बसणारे! कामावर आले ती मिरवतच. "साहेब, त्या हंड्याची पीडा गेली एकदाची."

"काय?" साहेब ओरडले. "कुठंय ती भांडीवाली?"

"असेल की आमच्याच गल्लीत."

साहेब तसेच पळाले. बनियनवर, चप्पल न घालता! अर्ध्या तासाने परत आले ते खांद्यावर माझा हंडा घेऊनच. पाय भाजलेले, अंगाला घाम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हटलं, एवढा मोठा माणूस माझ्या सासूच्या हंड्यासाठी धावला!

साहेबांनी हंडा फडक्याने पुसला, कपाट उघडलं, आत ठेवला आणि किल्ली फिरवली.

"साहेब, माझा हंडा?"

"आता सेफ आहे, मावशी. काळजीच करू नका!"

पुढे कित्येक वर्षं मी त्या घरी पगार घेऊन माझ्याच सासूबाईंच्या हंड्यावरची धूळ पुसली. मालक मला चिडवायचे, "सासूला भेटून आलीस काय गो?"

*

रविवारी साहेबांची दोस्त मंडळी जमायची. त्यात मालाडचे डिसोझा साहेब पहिला नंबर. त्यांच्याकडे जुनी दोन पिस्तुलं होती, जुळी. एकाच पेटीतली, मुठीला चांदीची वेल. त्यातलं एक त्यांनी साहेबांना दिलं आणि दुसरं स्वतःकडे ठेवलं. झालं! साहेबांचा जीव त्या दुसऱ्यात अडकला.

"डिसोझा, जोडी फोडू नये रे! पाप लागतं!"

"तू तुझं पण मला दे ना, यार. जोडी माझ्याकडे होऊन जाईल!"

दर रविवारी हेच. एकदा साहेब मला म्हणाले, "मावशी, एकटं पिस्तूल बघवत नाही हो मला."

बाई ओट्यापाशी होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पार्वती, त्यांना विचार, आपली जोडी शेवटची एकत्र जेवायला कधी बसली होती?"

कशी बसणार? जेवायच्या टेबलावर बंदुका मांडलेल्या! साहेब पुस्तक वाचत उभ्या उभ्या जेवायचे आणि बाई माझ्यासोबत स्वयंपाकघरात, पाटावर.

*

मग बाईंची आई वारली आणि भावाने चिपळूणहून आईची आठवण म्हणून एक पितळेचं पातेलं पाठवलं. जाड बुडाचं, काठावर कोरलेली वेल. बाईंनी ते कुशीत धरलं होतं, लहान मूल धरावं तसं.

"पार्वती, ह्यात आई चिंचगुळाची आमटी करायची. आख्ख्या आळीला वास जायचा. आपण करू या एकदा. फक्त आधी कल्हई लावून घ्यायला हवी गं, नाहीतर आंबट कळकेल."

तेवढ्यात साहेब आले. पातेलं खिडकीत नेऊन उलटंपालटं करून बघितलं. "अगं, काय पीस आहे! कल्हई? वेडी आहेस? ओरिजिनल सगळं झाकून जाईल!"

आणि पातेलं काचेत गेलं. माझ्या हंड्याच्या शेजारी.

रविवारी डिसोझा साहेबांनी ते बघितलं आणि उडालेच. "टिपणीस, असल्या वेलीच्या पातेल्यासाठी माझं एक गिऱ्हाईक दोन वर्षं थांबलंय. हे मला दे, दुसरं पिस्तूल तुझं. ऑन द स्पॉट!"

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

साहेब पातेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विचार करतो."

बाईंनी चहा ठेवला आणि आत आल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "'तिच्या आईचं आहे, विचार करतो' असं म्हणाले असते तरी चाललं असतं."

साहेबांनी पातेलं दिलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. पण नाहीही म्हणाले नाहीत. दर रविवारी आपलं "विचार करतो".

*

आता जे सांगते ते मी मालकांनासुद्धा पुष्कळ उशिरा सांगितलं.

साहेब डिसोझांकडे मालाडला गेले होते आणि चष्म्याचं घर टेबलावर विसरले होते. दुपारी खाली रस्त्यावर आवाज आला, "कल्हईऽऽवाला!" तेव्हा कल्हईवाले कमीच झाले होते. सगळीकडे स्टील, कोण लावणार कल्हई? सहा महिन्यांनी एखादा यायचा.

बाईंनी किल्ली काढली. कपाट उघडलं. पातेलं माझ्या हातात दिलं. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. "पळ पार्वती, जाईल तो! मी डाळ लावते."

मी दारापर्यंत गेले. आणि थांबले.

मला ती चिंचेने घासलेली देवी आठवली. घरी मालक बसून होते, दोन पोरं शाळेत जात होती. साहेब बाईंना काय बोलणार? बोलणार ते मलाच. मी म्हटलं, "बाई, साहेबांना विचारून पुढच्या खेपेला लावू या का? तो येईलच की परत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माझ्या हातातून पातेलं घेतलं, कपाटात ठेवलं, किल्ली चष्म्याच्या घरात ठेवली.

"तुझंही बरोबर आहे गं," म्हणाल्या.

डाळ भिजत घातलेली होती. ती त्यांनी स्टीलच्या पातेल्यात शिजवली.

कल्हईवाला परत आला नाही. त्या दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या. दोन महिने हॉस्पिटलात होत्या. मी रोज डबा न्यायचे, त्या रोज म्हणायच्या, "तुझ्या हाताला चव आहे." पातेल्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. होळीच्या आधी त्या गेल्या.

*

नंतर घरात आवाजच राहिला नाही. साहेब खुर्चीत बसून कपाटाकडे बघत राहायचे. एक दिवस धूळ पुसता पुसता माझ्याच्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. किल्ली, कल्हईवाला, भिजवलेली डाळ, मी दारात थांबले ते.

साहेब उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, गेली नोकरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं कापडी पिशवीत घातलं आणि बाहेर पडले. भांडुपला विचारलं, घाटकोपरला विचारलं, कुर्ल्याला विचारलं. लोक म्हणायचे, "साहेब, कल्हई? आता कोण करतं?" रोज संध्याकाळी पिशवी तशीच परत. शेवटी मालाडच्या बाजारामागे एक म्हातारा सापडला. त्याने धंदा सोडला होता, भाता माळ्यावर टाकला होता. साहेबांनी स्वतः माळ्यावर चढून भाता काढला. स्वतःच मारलाही.

घरी आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. पातेलं आतून चांदीसारखं पांढरं, बाहेरून धुराने काळं. ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले,

"मावशी, घरात चिंच आहे?"

"आमटीला की घासायला?"

"दोन्हीला."

*

त्याच रविवारी डिसोझा साहेब आले. बाई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाईंच्या फोटोला हात जोडले. मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं दुसरं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. टेबल आता रिकामं होतं. बंदुका साहेबांनी पलंगाखाली सरकवल्या होत्या.

"टिपणीस, लई वर्षं झाली. कर तुझी जोडी पूर्ण. मला ते पातेलं दे."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. माझ्या हंड्याच्या शेजारची जागा रिकामी. मग त्यांना वास आला असावा. उठून ओट्यापाशी आले. गॅसवर पातेलं, लखलखीत, आत आमटी रटरटत होती.

"अरे! कल्हई लावलीस? घासलंस? वाट लावली रे पीसची! असू दे, माझं गिऱ्हाईक तरीपण घेईल. बोल, देतोस?"

साहेबांनी पिस्तूल परत रुमालात गुंडाळलं आणि डिसोझांच्या हातात दिलं.

"ते वापरात आहे."

डिसोझांनी घरभर नजर फिरवली. खिडकीतली बिनडोक्याची, भिंतीवरचा बाईंचा फोटो, मी.

"कोणाच्या वापरात आहे?"

साहेबांनी टेबलाशी तीन ताटं मांडली. एक स्वतःसमोर, एक डिसोझांसमोर आणि एक खिडकीच्या बाजूला. माळ्यावरची बाईंची वेताची खुर्ची त्यांनी सकाळीच खाली काढून तिथे मांडली होती.

"मावशी," साहेब म्हणाले, "वाढा. गरम आहे तोवर."