टँकरच्या दिवशी ट्रायल

अण्णा गेल्यावर घरातले निर्णय माझ्याकडे आले, आणि तेव्हापासून घरात एकही निर्णय झाला नाही.

गाडीचंच बघा. महिन्याभरानं अण्णांचं वर्षश्राद्ध पाचोडला, गावी करायचं होतं. आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नव्हती. मागच्या खेपेला तिला वर चढवायला कंडक्टरसकट चारजण लागले, तेव्हापासून ती म्हणायची, "मी नाय येत. हितूनच हात जोडते." अण्णांच्या श्राद्धाला आईच नाही! मला ते सहन होईना. म्हणून शहागंजच्या सलीमभाईंनी विकायला काढलेली जुनी सेडान बघायचं ठरवलं. जुन्या गाड्यांवरची दोन पुस्तकं वाचली, वहीत बावन्न प्रश्न काढले. दोन्ही पुस्तकांतली उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध निघाली.

"प्रोफेसरसाब, गाडी एकदम मक्खन है," किल्ली देत सलीमभाई म्हणाले. "शाम तक चलाके देखो. जल्दी नक्को करो." (मला घाई करू नका असं सांगणारा हा पहिला आणि शेवटचा माणूस.)

पाचोडहून मुद्दाम बोलावलेल्या मामांनी गाडीखाली वाकून पाहिलं.

"भाच्या, लई बसकी हाये. चार माणसं बसली की पोट घासंल. वजन टाकून बघ."

वजन आणायचं कुठून? तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. दुष्काळाची सालं होती. शहर वाढत आमच्या वसाहतीपर्यंत आलं होतं, नळाचं पाणी मात्र वाटेतच राहिलं होतं.

"हे घे वजन!" मामा ओरडले.

गाडी टँकरपाशी नेली; डिकीत बादल्या चढल्या, मागच्या सीटवर दोन हंडे. मी झाकणं शोधायला लागलो.

"झाकणं कशाला? काठोकाठ भर!" म्हणत आई स्वतःच कळशी मांडीवर घेऊन हंड्यांशेजारी बसली. माझ्या हाती पाणी सोपवायला ती तयार नव्हती.

मी निघालो. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कान गाडीच्या आवाजाकडे होते, त्यामुळे डोळे गल्लीतल्या गतिरोधकाकडे नव्हते. धाडकन गाडी उडाली, खालून खर्रर्र आवाज आला आणि दोन्ही हंडे पुढच्या सीटवर, म्हणजे माझ्यावर, रिकामे झाले!

"अरे देवा, सांडलं!" अख्खी गल्ली धावत आली. गाडीला काय झालं, मला काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. शेजारच्या काकू तर गाडीतलं पायपुसणं बादलीत पिळायला लागल्या. "सर, शिकलेली माणसं तुम्ही!"

सलीमभाई आले तेव्हा मी टेबलफॅन लावून पुढची सीट वाळवत होतो. त्यांनी सीटला हात लावला आणि थक्क झाले.

"साब, इत्ते सूखे में तुम गाडी धोए? वो भी अंदर से?"

मामा म्हणाले, "घासली का नाय? नगं घेऊ." मी म्हणालो, "पण दुसऱ्या पुस्तकात..."

"माझं ऐकता का कुणी?" मागच्या सीटवरून आवाज आला. उरलेली कळशी धरून आई अजून तिथंच बसली होती. "गाडी बसकी हाये म्हणून तर मला बसता आलं. कुणाचा हात धरला व्हता का मी?"

खरंच, तिला गाडीत कुणीच चढवलं नव्हतं.

"तरी मी दोन दिवस विचार करतो," मी म्हणालो.

"कर की. तवर आम्ही पाचोडला जाऊन येतो."

महिन्याभरानं वर्षश्राद्धाला आम्ही सलीमभाईंकडून मागून आणलेल्या त्याच गाडीतून गेलो. मामांनी गाडी चालवली, आई पुढं बसली. मी मागं बसून, गाडी घ्यावी की घेऊ नये, याचा विचार करत होतो.