रोलर दिसतो ते क्रिकेट

हो, बघतो मी काउंटी क्रिकेट. तिकडं सकाळचे अकरा वाजतात तेव्हा बहरीनला दुपारचा एक झालेला असतो, तेव्हापासून जमेल तसं बघतो. एप्रिल ते सप्टेंबर. चार-चार दिवसांची मॅच, त्यात दोन दिवस ढग, एक दिवस पाऊस आणि शेवटी निकाल नाही. तरी बघतो. कुणाच्या बापाचं काय जातं?

आखातात सगळे सण शुक्रवारी येतात. जयंती मंगळवारी असो की बुधवारी, आम्ही ती जवळच्या शुक्रवारी करतो, आणि तिच्या तयारीला त्याआधीचे चार-पाच शुक्रवार माहूज भागात कुणाच्या ना कुणाच्या फ्लॅटवर जमतो. तिथं माझी हजेरी घेतली जाते. "काय हो, तुमच्या स्वेटरवाल्यांनी आज किती काढले? अकरा?" दुसरा म्हणतो, "अबे, इकडं वीस ओव्हरची धुमाळी चालू आहे अन् हा थर्मासवाले म्हातारे बघत बसला." मी हसतो आणि पोहे खातो.

एकदा मात्र एकानं गंभीर तोंड करून विचारलं, "ते साहेबांचं क्रिकेट. आपल्या माणसानं कशाला डोक्यावर घ्यायचं?" माझं डोकं सणकलं. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हटलं, "तो कोट कुठला आहे? टाय कुठली आहे? ते घालताना त्यांनी कुणाची परवानगी मागितली होती का? मग मीही मागत नाही." थोड्या वेळानं त्यानंच मला चहा आणून दिला.

मी अस्करकडे, अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या अलीकडं, जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या एका वर्कशॉपमध्ये टेक्निशियन आहे. रमजानात आमचं काम दुपारीच सुटतं. अशाच एका रमजानात घरी पडल्यापडल्या मोबाइलवर एका काउंटीची मॅच लागली. काउंटीचं नाव सांगत नाही, उगाच दृष्ट लागायची. एवढंच सांगतो, की गेल्या कित्येक वर्षांत तिनं सांगण्यासारखं काही जिंकलेलं नाही. कॅमेरा एकच, खुंटीला बांधल्यासारखा. एक डाव संपला, खेळाडू आत गेले आणि मैदानावर रोलर आला.

आता हे क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही विचारा, टीव्हीवर रोलर कधी पूर्ण दिसतो का? नाही. रोलर आला की जाहिरात लागते. पंखे, गुटखा, बनियन. पण इथं जाहिरात नव्हती आणि कॅमेरा कुठं वळतही नव्हता. सात मिनिटं पडद्यावर फक्त रोलर होता, आणि तो चालवणारा एक टोपीवाला माणूस. तो उतरला, खाली वाकला, अंगठा मातीत दाबून बघितला. मी ताडकन उठून बसलो, कारण माझे बाबा अगदी तस्सं करायचे.

आमच्या तालुक्याच्या गावी एक क्लब होता. वकील, डॉक्टर, जिनिंगवाले. बाबा तिथं माळी. तिथं रोलरला इंजिन नव्हतं, बाबा होते आणि लागलाच तर मी. पिचवर पाणी कधी मारायचं, गवत किती ठेवायचं, चेंडू कुठं खाली बसेल, हे त्या गावात बाबांइतकं कुणाला कळत नव्हतं. बाबांना खेळायला कधी कुणी बोलावलं नाही. त्याचंही ते मनावर घेत नसत. खरं दुखलं ते वेगळंच.

एका वर्षी क्लबच्या सभेत ठराव आला, की मैदान मोडून लॉन करायचं, लग्नांना भाड्यानं द्यायला. बाबा सभेत होते. म्हणजे चहाचा ट्रे घेऊन होते. अध्यक्ष म्हणाले, मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले आणि बाबा त्या हातांच्या मधून कप गोळा करत फिरले. घरी येऊन म्हणाले, "मैदान गेलं." मी चिडून म्हटलं, "तुम्हाला विचारलं नाही कुणी?" बाबा म्हणाले, "मले कायले विचारतीन?" असं म्हणून ते जेवायला बसले. मी मात्र ताट सरकवून उठलो. अजूनही ते आठवलं की माझ्या कानाला ऊन लागल्यासारखं होतं.

तर त्या रमजानानंतर मी त्या काउंटीचा सभासद झालो. तिकडं क्लब सभासदांच्या मालकीचा असतो आणि परदेशातल्या माणसालाही सभासद होता येतं. बायको म्हणाली, "जाणार कधी तिथं?" म्हटलं, जाणार नाही, पण मत आहे. ती हसली. पण आमच्या घरात मत ही हसण्याची गोष्ट नाही, हे तिलाही ठाऊक आहे. गावी यादीत नाव आहे, पण मतदानाच्या दिवशी मी कधी तिथं नसतो. इथं वीस वर्षं घाम गाळला तरी मी पाहुणाच. म्हणजे माझ्या नावचं, मला वापरता येईल असं जगात एकच मत होतं, आणि ते इंग्लंडात होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या क्लबचा ईमेल आला. काउंटी वर्षातली एक मॅच एका लहान गावातल्या मैदानावर खेळते. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला मेंढ्यांचं कुरण, प्रेक्षक घरच्या खुर्च्या घेऊन येतात. त्या रमजानात मी पहिल्यांदा बघितलेलं मैदान तेच. आता कमिटीचा ठराव होता, की ती मॅच कायमची बंद करून सगळं मोठ्या मैदानावर न्यायचं. पाऊस पडला की मैदान वाळत नाही, असं कारण दिलं होतं. ठराव पास व्हायला तीनांत दोन मतं हवी होती. मी ईमेल वाचला आणि मोठ्यानं म्हणालो, "च्यायला, इथंही तेच!"

मत ऑनलाइन द्यायचं होतं, आणि नियम बदलायचा असल्यानं सोबत ओळखपत्र जोडायचं होतं. मी पासपोर्टचं पहिलं पान जोडलं. दुसऱ्या दिवशी क्लबच्या ऑफिसातल्या बाईंचं उत्तर आलं, अगदी गोड भाषेत. या आडनावाचे कुणी सभासद आमच्या यादीत नाहीत. बहरीनमधून एकच सभासद आहेत, त्यांचं आडनाव वेगळं आहे. खाली त्यांनी ते आडनाव दिलं होतं. ते माझ्या बाबांचं नाव होतं.

चूक माझीच. पण ती कशी झाली तेही सांगतो. आमच्याकडं माणसाचं नाव कुणाला पुरत नाही. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, आडनाव काय? ते सांगितलं की, "असं का... बरं बरं." त्या 'असं का'मध्ये सगळं येतं. बहरीनला उतरलो तेव्हा इथल्या माणसानं विचारलं, तुझं नाव? बापाचं नाव? खलास. पुढं काही नाही. मला इतकं हलकं वाटलं, की मी आडनाव सांगणंच सोडलं. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या शिंप्याकडं, वर्कशॉपमध्ये, सगळीकडं माझं नाव आणि बाबांचं नाव. त्याच सवयीनं क्लबच्या फॉर्मवर, आडनावाच्या रकान्यात, मी बाबांचं नाव लिहून मोकळा झालो होतो. आणि आठ वर्षं ते ईमेल बाबांच्याच नावानं येत होते; मी फक्त स्कोअर बघत होतो, वरची ओळ वाचतो कोण?

बाईंनी लिहिलं होतं, नाव दुरुस्त करता येईल, पण ते कमिटीपुढं ठेवावं लागतं आणि कमिटी सभेनंतर बसणार. म्हणजे माझं मत गेलं. मला इतका राग आला की काय सांगू. कमिटीवर नाही, स्वतःवर. एक मत मिळवलं होतं, तेही आडनाव लपवण्याच्या नादात घालवलं.

मुलगी बाजूला बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "बट बाबा, इट्स नॉट अ राँग नेम. इट्स आजोबाज नेम." मी उठून पासपोर्ट पुन्हा काढला. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बापाचं नाव छापलेलं असतं. त्या पानाचा फोटो काढला आणि तिला म्हटलं, लिही. आमच्याकडं मुलाच्या नावामागं बापाचं नाव लागतं. तुमच्या यादीतलं नाव माझ्या बापाचं आहे, हा सरकारी पुरावा. मला दुरुस्ती नको. आहे त्याच नावानं मत द्यायचं आहे. तिनं शेवटी 'सॉरी फॉर द ट्रबल' टाइप केलं. मी म्हटलं, "खोड ते. सॉरी कशाचं?" तिनं खोडलं.

दोन दिवस उत्तर नाही. वर्कशॉपमध्ये मी एका मोटारीचं वाइंडिंग उलटं भरलं, जे मी शिकाऊ असतानाही कधी केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंचा ईमेल आला, मान्य आहे. मी तिथल्या तिथं, हातमोजे काढून, ठरावाच्या विरोधात मत दिलं. खाली सभेला प्रश्न विचारायचा असल्यास एक चौकट होती. मी त्यात एकच ओळ लिहिली, 'या मैदानाच्या माळ्याला विचारलं का?'

सभा शनिवारी, आमच्या दुपारी दोनला. वर्कशॉपला शनिवारी सुट्टी नसते. अर्धी लीव्ह टाकली, कारण लिहिलं 'फॅमिली'. घरी टीव्हीला मोबाइल जोडला आणि तिघं बसलो. अध्यक्ष उंच, राखाडी कोटातले. त्यांनी बराच वेळ पाणी, चिखल, विमा हे समजावून सांगितलं. लोक माना हलवत होते. माझा धीर सुटत चालला. मग ते म्हणाले, आता बाहेरून आलेले प्रश्न. चष्मा लावला आणि वाचलं, "मिस्टर..." आणि पुढं बाबांचं नाव, "फ्रॉम बहरीन." उच्चार वाकडा होता, पण अख्खं घेतलं. मी सोफ्यावरून उठलो होतो, हे मला नंतर कळलं.

प्रश्न वाचून अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. शेजारच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "नाही. मला वाटतं, विचारलेलं नाही." दोघं-तिघं हसले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, तो इथंच आहे की! दाराजवळ एक म्हातारा उभा होता, टोपी हातात. तो नोकर, सभासद नव्हे. त्याला मत नव्हतं. त्याला माइक दिला. तो फार बोलला नाही. म्हणाला, मैदान वाळतं. कुरणाच्या बाजूची नाली तीन वर्षं तुंबलेली आहे, मी तीन वर्षं सांगतोय. ती मोकळी करा, तासाभरात खेळ सुरू करून देतो. माइक परत दिला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

सभेतले हात मोजले, ऑनलाइनची मतं त्यात मिळवली. तीनांत दोन झाली नाहीत. ठराव पडला. मैदान राहिलं. मुलगी किंचाळली, बायको म्हणाली, "अगं बाई, खरंच?" मला ठाऊक आहे, पुढच्या वर्षी तोच ठराव नवा कोट घालून येईल. येऊ दे. मी इथंच आहे आणि पासवर्ड मला पाठ आहे.

मग बाबांना फोन लावला. गावी संध्याकाळ झाली होती. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी आधी नालीचंच धरलं. "मंग तेच तं! नाली तुंबली तं मैदान कसं वायीन? तो मानूस बरोबर बोलला." मग मी नावाचं सांगितलं.

"माहं नाव?" बाबा म्हणाले. "कोनाच्या समोर?"

"सगळ्या सभेसमोर. मिस्टर लावून."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पस्तीस वर्षं रोलर वढला त्या क्लबात. 'ए माळी' म्हनत. कोनी नाव नाई घेतलं." आणि लगेच म्हणाले, "कसा म्हनला तो? त्याच्यावानीच म्हनून दाखव."

मी बायकोसमोर, पोरीसमोर, त्या अध्यक्षांसारखा ताठ उभा राहिलो आणि वाकड्या उच्चारात, मिस्टर लावून, बाबांचं अख्खं नाव घेतलं.

"पुन्हा म्हन," बाबा म्हणाले.