डाव्या बाहीचे टाके

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी ते कपाट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मिशिगनमध्ये, ट्रॉयजवळच्या एका लहान गावाच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. ठाण्यात मराठी कळणारा मी एकटाच, त्यामुळे देशी घरातली भानगड आली की फाइल माझ्याच टेबलावर यायची. त्या हिवाळ्यात एक गृहस्थ बायको हरवल्याची तक्रार घेऊन आले. इंजिनिअर, बोलणं मऊ, शर्टाला कडक इस्त्री. मी ठरलेले प्रश्न विचारले. काही आजार? नाही. अंगावर जखम, दुखापत? "नथिंग, सर. शी इज परफेक्टली फाइन." गृहस्थ रडले नाहीत, याचं मला विशेष वाटलं नाही. रडणारे खरे आणि न रडणारे खोटे, असा हिशेब आमच्याकडे चालत नाही.

दुसऱ्या दिवशी एक फोन आला. बाईंना इंग्रजी येईना, म्हणून ऑपरेटरने तो मला जोडून दिला. म्हातारा, थकलेला आवाज होता.

"तिला शोधताय ना तुम्ही? नका शोधू."

एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला. पोरीचं बरंवाईट झालं, हेच पहिलं मनात आलं. नंबर निघाला तो गृहस्थांच्या मागच्याच गल्लीतला. पण आधी त्यांचं घर बघावं, म्हणून मी तिकडे गेलो.

घर लख्ख होतं. गृहस्थांनी स्वतःहून मला बेडरूममध्ये नेलं आणि बायकोचं कपाट उघडलं. कुर्ते, ब्लाउज, स्वेटर ओळीने टांगलेले. प्रत्येकाची डावी बाही मनगटापासून काखेपर्यंत उसवलेली आणि कडेला टिचबटणं लावलेली. उजव्या सगळ्या शाबूत. खालच्या जाळीतून हीटरची गरम हवा येत होती आणि त्या उघड्या बाह्या सावकाश हलत होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो, पण आत कोणीतरी उभं राहून हात हलवतंय असं वाटत होतं.

"बघा, सर," गृहस्थ म्हणाले. "किती क्लीन काम आहे. कापड कुठे फाटलं नाहीये. हे तिने एकटीने केलेलं नाही. ज्याने हे टाके काढलेत ना, त्याला ट्रेस करा. ती तिथेच असणार. कोट इथेच आहे, म्हणजे लांब गेलेली नाही."

"एकटीने का नाही? टाके काय, कोणीही उसवतं."

"एका हाताने कसं जमेल, सर?"

अंगावर जखम नाही म्हणणारा तो हे बोलून गेला. इथून पुढे त्याला अहो-जाहो करणं मला जमणार नाही.

ठाण्यात बसवून विचारलं, तर म्हणाला, ती बाथरूममध्ये पडली होती, हात मोडला. मग तक्रारीत का नाही सांगितलं? म्हणे, विसरलो. बायकोचा मोडलेला हात हा विसरला, पण कपाटातला टाका न् टाका त्याने निरखून ठेवला होता. तेवढ्यावर त्याला अडकवता येईना, म्हणून सोडून दिलं. मग गाडी लांब लावून, दुसऱ्या रस्त्याने मी फोन आला होता त्या मागच्या गल्लीतल्या घरी गेलो.

दार उघडलं ते मुलाकडे राहायला आलेल्या नागपूरच्या मावशींनी. आवाज फोनवरचाच. पोरगी तळघरात बसलेली, डावा हात प्लास्टरमध्ये. जिवंत. मला हायसं वाटलं, पण मला बघून ती भिंतीला जाऊन चिकटली.

"टाके मीच उसवले," मावशी म्हणाल्या. "प्लास्टरवरून बाही चढेचना तिची. तो ऑफिसला गेला की यायची, मग एकेक कपडा करून द्यायची मी."

मी मराठीत बोललो, तेव्हा कुठे ती पोरगी बोलायला लागली. हात त्यानेच पिरगळून मोडला होता.

"काका, तो म्हणाला होता, जा तू कुठेही. मी फक्त कम्प्लेंट करीन. पोलीसच तुला शोधून माझ्याकडे आणून देतील."

त्याच्या तक्रारीवर शोध सुरू करणारा मीच होतो. हरवलेलं माणूस कुठे गेलं हे नंतर विचारावं, का गेलं हे आधी, एवढं मी त्या तळघरात शिकलो.

तिने जबाब दिला आणि मी त्याला अटक करायला त्याच्या घरी गेलो. बेड्या घालताना त्याने आवाजही चढवला नाही.

"म्हणजे ती सापडली तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "कुठल्या साइडला आहे? बोलू नका, सर. फक्त तिकडे बघा."

त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून मावशींचं घर सरळ दिसत होतं. मी मान खाली घातली आणि तो गाडीत बसेपर्यंत वर केली नाही.