धुतलेले मास्क

माझे वडील शेणव्याजवळच्या एका खडी क्रशरवर कामाला होते. यंत्रात दगड पडला की पांढरी धूळ उठायची. कामगार तोंडाला पंचा गुंडाळायचे. वडिलांना तेव्हाच खोकला लागला होता. मी बारावीला होते आणि आमच्या घरात भांड्यांपेक्षा संघटनेची पत्रकं जास्त होती. मीही एक लिहिलं: क्रशरच्या कामगारांना धुळीचे मास्क मिळालेच पाहिजेत. शहापुरात छापून आणून फाटकावर वाटलं. महिन्याभराने मास्क आले. पांढरे, वाटीसारखे, माणशी एक. लढा जिंकला असं मी समजले.

आई रोज संध्याकाळी तो मास्क साबण लावून दगडावर घासायची. वस्तीतल्या सगळ्या दोऱ्यांवर मास्क वाळायचे. मळक्या मास्कनं नवरा कामावर गेला तर बाईला नावं ठेवली जायची.

खोकला वाढतच गेला. एकदा वडिलांनी क्रशरवरून मास्कचा रिकामा खोका घरी आणला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, धुऊ नये.

"आई, हे धुवायचे नसतात. धुतले की धूळ अडत नाय."

"मंग आधी नाय सांगायचं गो? हात सोलले माझे!"

वडील खोकत हसले. "मास्क द्या, असं लिवलंस. रोज द्या, हे कुठं लिवलंस?"

मी तोवर मास्क नीट हातात घेऊन पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमाकडे रोज नवा मास्क मागितला.

"रोज नवा? नवरदेव हायस का रे?"

सुट्टी झाल्यावर वडिलांनी त्याच्यासमोर मास्कचे दोन्ही पट्टे तोडले. मागे उभ्या सगळ्या कामगारांनी तेच केलं. सकाळी नवे मास्क येईपर्यंत कुणी यंत्राला हात लावला नाही. पुढे रोज संध्याकाळी पट्टे तुटत राहिले, तेव्हा मुकादमानं नव्या मास्कचा खोकाच दारात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, आत गेलेली धूळ आता निघत नाही. निदान नवी तरी कमी जात होती.

दुसरं पत्रक मुरबाडकडच्या क्रशरांसाठी होतं. त्याचं पहिलं वाक्य आईनं सांगितलं: बायांनो, मास्क धुऊ नका. ते मी फाटकावर वाटलं नाही. वस्त्यांमध्ये गेले आणि पाणवठ्यावर बसून वाचून दाखवलं.